अण्णा, उरलेल्या वीतभर अँगलबद्दल आभार

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयातला अभियांत्रिकीचा तास ज्या शाळांत आहे त्या सगळ्यांना ते उपयोगी पडावं. तुम्ही फॅब्रिकेशनचं दुकान सांभाळून आठवड्यातला एक दिवस निदेशक म्हणून शाळेत येता. आमच्या प्रयोगवहीत ‘अँगलचे टेबल तयार करणे’ या प्रात्यक्षिकाला साहित्य, कृती, दक्षता आणि आकृती मिळून एक पान आहे. अँगल म्हणजे काटकोनात वळलेली लांब लोखंडी पट्टी. त्या पानावर जे नव्हतं त्याबद्दल हे आभार.

पहिले आभार करवतीच्या पानाबद्दल. हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापायच्या करवतीचं, पान घ्या म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ते देतो. तुम्ही पानावर छापलेला आकडा वाचायला लावलात. १८ म्हणजे इंचाला १८ दात, २४ म्हणजे २४. २५ × २५ × ३ मिमीच्या अँगलला २४चं पान, कारण धातूच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकायला हवेत. १८च्या पानात दोन दातांमधलं अंतर साधारण १.४ मिमी, म्हणजे ३ मिमी जाडीवर जेमतेम दोन दात येतात. मग दात धारेवर अडकतो, पान हिसका देतं आणि दात तुटतो. एक दात तुटला की मागचा त्याच खाचेत आदळतो आणि बघता बघता पान बोडकं होतं. पातळ पत्र्याला आणि पातळ नळीला ३२चं. दातांची तोंडं पुढे, दाब पुढे जाताना, मागे येताना हात हलका. आणि जुनं पान मोडलं तर नवं पान जुन्या खाचेत घालायचं नाही, कारण वापरून झिजलेल्या पानाची खाच अरुंद असते आणि नवं पान तिच्यात आवळतं. जॉब, म्हणजे हातातलं काम, फिरवून दुसऱ्या बाजूने कापायला सुरुवात करायची. पान मोडलं की विद्यार्थ्याच्या हाताला दोष देऊन मोकळं होणं सोपं असतं. तुम्ही आधी पानावरचा आकडा बघता.

आता टेबलाकडे. अँगलची एक लांबी ६ मीटर, मीटरला साधारण १.१ किलो, म्हणजे साडेसहा किलोंच्या आसपास माल. तुमचं गणित एवढ्यातच पूर्ण टेबल बसवतं. वरची चौकट ६०० × ४५० मिमी, म्हणजे २१०० मिमी. चार पाय ७०० मिमीचे, २८०० मिमी. दोन बाजूंना दोन आडवे तुकडे, प्रत्येकी ४४४ मिमी. हा ४४४ पहिल्यांदा बघणाऱ्याला लिहिताना झालेली चूक वाटतो. पण पाय चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात बसतात, म्हणून दोन्हीकडे चौकटीच्या अँगलची ३-३ मिमी जाडी वजा जाते. आडवे तुकडे ४५०चे कापले की ते पायांच्या बाहेर डोकावतात, आणि मग ग्राइंडर लावून झालेली चूक घासत बसावं लागतं. बेरीज ५७८८ होते. दहा तुकड्यांच्या कापांत दीडेक सेंटिमीटर जातो आणि साधारण वीतभर अँगल उरतो. तो भंगारात टाकायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

मापं सगळी बाहेरच्या कडेवर घ्यायची, स्क्रायबरने (टोकदार पोलादी सळईने) रेघ मारायची, आणि करवत रेघेवर न चालवता रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची. खडूची रेघच दोन-तीन मिलिमीटर जाड असते. तिच्या कुठल्या कडेवर कापलं हे जो तो आपल्या मनाने ठरवतो, आणि चौकटीच्या समोरासमोरच्या दोन बाजू वेगळ्या लांबीच्या निघतात. समोरासमोरचे तुकडे पाठीला पाठ लावून व्हाइसमध्ये धरले आणि कानस मारून एकदम सारखे केले, की ते नेमके किती मिलिमीटर आहेत यापेक्षा दोन्ही सारखे आहेत हे महत्त्वाचं, हे हाताला कळतं.

चौकटीचं ६०० × ४५० हे माप तुम्ही मुद्दाम निवडलंय, हे आम्हाला उशिरा उमगलं. पायथागोरसप्रमाणे कर्ण बरोबर ७५० मिमी येतो. ३, ४, ५चाच त्रिकोण, दीडशेपट केलेला. त्यामुळे टेप तिरका लावला की उत्तर समोर येतं, कॅलक्युलेटर लागत नाही. दोन्ही कर्ण सारखे म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. एक ७५३ आणि दुसरा ७४७ आला, तर कोपरा जेमतेम अर्धा अंश चुकलेला असतो. लहान गुण्या लावला तर तो फरक मिलिमीटरभरच दिसतो आणि कापाच्या धारेवर उरलेल्या चुऱ्यात लपूनही जातो. कर्णावर तोच फरक ६ मिमी होऊन समोर उभा राहतो. गणिताच्या पुस्तकातल्या प्रमेयाचा एवढा रोखठोक उपयोग दहावीच्या वर्षात दुसरीकडे कुठे बघायला मिळाला नाही.

आणि कर्ण मोजायची वेळही तुम्ही ठरवून दिलीत. चारही कोपऱ्यांवर वेल्डिंगचा एकेक बारीक टाका (ठिपका) मारल्यावर, पूर्ण वेल्डिंगच्या आधी. टाक्यावर असलेली चौकट लांब कर्णाच्या टोकावर हातोडीने हलकं ठोकून जागेवर आणता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर घण आणला तरी ती ऐकत नाही. एका कोपऱ्याचं काम संपवून शेजारच्या कोपऱ्याकडे जायचं नाही, समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे जायचं, कारण वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि कोपरा स्वतःकडे ओढतो. सगळी ओढ एका बाजूला पडली की चौकट पीळ खाते. जमिनीवर ठेवल्यावर एक कोपरा वर राहतो आणि त्याचं खापर फरशीवर फुटतं.

त्या वीतभर तुकड्याचं काम इथे येतं. ३ मिमी जाडीच्या अँगलला २.५ मिमीचा ई ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड आणि ७० ते ८० अँपिअर, हे वहीत लिहिता येतं. पण शाळेचं मशीन जुनं, ट्रान्सफॉर्मरवालं. शिवारात पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि चाकावरचा ७५चा खुणेचा बाण खरे ७५ देत नाही. म्हणून जॉबला हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यावर दोन इंचांची रेघ ओढायची. कढईत भजी सोडल्यासारखी सलग चरचर ऐकू आली की करंट जमला. रॉड सारखा चिकटतो आणि रेघ वर उंचवट्यासारखी बसते, तर करंट कमी. आवाज फटफट येतो, शिंतोडे उडतात, रेघ पसरट होते आणि कडेने खाच पडते, तर जास्त. रॉडचं टोक आणि जॉब यांत साधारण रॉडच्या जाडीइतकंच अंतर. रॉड जळून आखूड होत जातो, तसा हात खाली आणत राहायचा. शिकाऊ हात पुढे सरकतो पण खाली यायचं विसरतो. अंतर वाढतं आणि धातू जोडात न जाता आजूबाजूला उडतो.

रॉड चिकटला की प्रत्येकजण आधी मशीनचा करंट वाढवतो. तुम्ही आधी अर्थिंगचा चिमटा बघायला लावता. चिमटा गंजावर किंवा जुन्या रंगावर बसवलेला असेल, तर करंट कितीही वाढवा, रॉड चिकटणारच. पट्टीभर जागा घासून चकचकीत धातूवर चिमटा लावला की तोच रॉड त्याच आकड्यावर चालतो. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. रॉडवरचं आवरण ओल धरतं, त्या ओलीची वाफ होते आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. तुमच्या दुकानातल्या लाकडी पेटीत दिवसरात्र बल्ब का जळतो, ते आम्हाला जून महिन्यात कळलं.

ज्या चुकीने सगळ्यात जास्त जॉब वाया जातात ती मात्र वेल्डिंगची नसतेच, हे तुमचं सांगणं आम्ही जपून ठेवलंय. कोपऱ्यावर भोक पडलं की वेल्डिंग करणाऱ्याला बोल लागतात. भोक पडतं कारण ४५ अंशांचे दोन काप एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. ३ मिमी धातूच्या सुट्या धारेवर आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) आला की उष्णतेला पसरायला जागा नसते आणि धार वितळून खाली पडते. मग भोक बुजवायला आणखी रॉड, त्याने आणखी भोक. फटीचा उगम करवतीत, करवतीचा रेघेत. तुम्ही बिघडलेला जॉब हातात घेऊन उलट्या दिशेने विचारत जाता: जोड, मग काप, मग रेघ, मग टेप कुठे टेकवला होता. बहुतेक वेळा टेपच्या टोकाच्या वाकड्या हुकापाशी जाऊन थांबावं लागतं. म्हणून टेप १०० मिमीवर धरून मोजायचं आणि शेवटी १०० वजा करायचे.

टेबल डुगडुगतं तेव्हाही तेच. आखूड वाटणाऱ्या पायाखाली पुठ्ठा, किंवा लांब वाटणारा पाय घासायचा, हे दोन्ही उपाय घाईचे. आधी टेबल त्याच जागी ९० अंशांत फिरवायचं. डुगडुगणारे पाय तेच राहिले तर दोष टेबलात, बदलले तर फरशीत. टेबलाचा दोष टाळायचा असेल तर चौकट उलटी करून सपाट जागेवर ठेवायची, पाय वर उभे करायचे, प्रत्येक पायाला दोन दिशांनी गुण्या लावायचा आणि एकाच टाक्यावर सोडायचा. चारही पाय असे उभे राहिल्यावर समोरासमोरचं अंतर खाली आणि वर सारखं आहे का बघायचं, मगच पक्कं वेल्डिंग.

काळ्या काचेचं आम्ही विसरणार नाही. १० किंवा ११ नंबरची काच, आणि जो वेल्डिंग करत नाही पण बघतो त्यालाही तीच. आर्क बघितला तर त्या क्षणी काहीच होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. म्हणूनच मुलांना ते खरं वाटत नाही. स्लॅग, म्हणजे जोडावरची खपली, फोडताना पांढऱ्या काचेचा संरक्षक चष्मा, कारण ती गरम खपली हातोडीच्या घावासरशी थेट तोंडाकडे उडते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला वर्गात वेल्डिंग करायचं नाही, त्याच्या पांढऱ्या धुराने ताप येतो. ग्राइंडरचं कापायचं चाक आडवं धरून घासायचं नाही. गार्ड काढायचा नाही, कितीही अडचण होत असली तरी. ही यादी तुम्ही दर वेळी म्हणून घेता, त्याचा कंटाळाही येतो, हे खरं सांगून टाकतो.

रंगाबद्दल एवढंच: स्लॅग नीट काढला नाही की रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला रंग) त्याच्यावर बसतो आणि दोन महिन्यांत त्याच्यासकट निघून येतो.

तुमचं काम लोखंडाचं, तरी फेरोसिमेंटच्या, म्हणजे जाळीवर सिमेंटचा माल थापून केलेल्या, पत्र्याच्या वेळी तुम्ही थांबलात, त्याचेही आभार. एक भाग सिमेंट, दोन ते तीन भाग चाळलेली वाळू, सिमेंटच्या वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के पाणी, कोंबडीजाळी आणि साधारण २५ मिमी जाडी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण घमेल्याने मोजताना ओली वाळू फुगलेली असते. थोड्या ओलीला ती पाव भागापर्यंत जास्त जागा घेते, म्हणजे तीन घमेली म्हणून प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच घमेल्यांइतकीच कोरडी वाळू पडते. त्यात वाळूतलं पाणी हिशेबात न धरता वरून ठरलेलं पाणी घातलं की माल पातळ होतो, जाळीवरून घसरतो आणि सुकताना केसासारख्या भेगा पडतात. मूठभर वाळू दाबून गोळा होतो का ते बघायचं आणि पाणी थोडं थोडं घालायचं. नंतर गोणपाट टाकून निदान सात दिवस ओलं ठेवायचं. शनिवारी थापलेला पत्रा रविवारी कोण भिजवणार, हा प्रश्न थापायच्या आधीच सोडवायचा असतो.

आठवी ते दहावीला हा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय असतो आणि त्यात अभियांत्रिकीसोबत ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे विभाग असतात. त्यामागची कल्पना पाबळच्या विज्ञान आश्रमाची. तो डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. गावातल्याच कारागिराने निदेशक म्हणून शाळेत शिकवावं आणि मुलांनी गावाला लागणारी कामं खरीखुरी करून द्यावीत, त्यांना लोकोपयोगी सेवा म्हणावं, ही त्यातली मुद्द्याची गोष्ट. कारागीर मिळाला तर ती चालते. आता केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या शाळेतल्या प्रयोगशाळांमुळे शाळांत थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सरही आलेत, चांगलंच आहे. पण सोल्डरिंग करताना जोड निस्तेज, दाणेदार राहिला की कारण तेच निघतं, जे तुम्ही लोखंडावर शिकवलंत: उष्णता तारेला आणि पट्टीला द्यायची, सोल्डरला नाही. नुसतं वितळवून टाकलेलं सोल्डर वर बसतं, धरत नाही.

खर्चाचा हिशेबही तुम्ही मागता. अँगल किलोवर, रॉड नगावर, कटिंगचं चाक किती कापांत झिजलं, विजेचं, आणि मजुरी तासावर. मुलं मजुरी लिहायला लाजतात. शाळेचंच टेबल, तर मजुरी कशाला, असं त्यांना वाटतं. तुम्ही तो रकाना रिकामा असलेला हिशेब परत देता.

आपले नम्र,
अभियांत्रिकी विभागाचे विद्यार्थी

ता. क. तुमचा लोहचुंबकाचा गुण्या शाळेच्या कपाटात आहे. तो ४५ला बरोबर बसतो, ९०च्या बाजूला लोखंडाचा कीस चिकटलाय. पुसून, कर्णाने तपासून बुधवारी दुकानात आणून देतो.