पैसे घेतल्या तारखेपासून मोजा : पोर्तुगालच्या मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय
(स्थलांतर आणि नागरिकत्वाचा कारभार ज्यांच्याकडे आहे ते),
पोर्तुगाल सरकार, लिस्बन

वसई, दि. ३ नोव्हेंबर २०२५

सादर नमस्कार.

मागच्या मंगळवारी, २८ ऑक्टोबरला, तुमच्या संसदेने नागरिकत्वाचा सुधारित कायदा दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर केला. परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी आजवर पाच वर्षांचं वास्तव्य पुरत होतं, आता दहा वर्षं लागतील. युरोपीय संघातल्या आणि पोर्तुगीज भाषिक देशांतल्या लोकांना सात. शिवाय ही वर्षं मोजायची ती अर्ज केल्या दिवसापासून नव्हे, तर तुमच्या खात्याने राहण्याच्या परवान्याचं कार्ड दिल्या दिवसापासून. राष्ट्राध्यक्षांची सही अजून व्हायची आहे, म्हणून तातडीने लिहितो आहे.

पत्र मराठीत आहे. इंग्रजीत लिहून झालं, वकिलाला पैसे मोजून पोर्तुगीजमध्येही लिहून झालं. दोन्हींना उत्तर नाही. तेव्हा मराठीत लिहिल्याने माझं फार नुकसान होईल असं वाटत नाही.

माझा वसई पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे, सुट्या भागांचं जॉबवर्क करतो. वडिलांच्या वाटणीला आलेली केळीची वाडी २०२१ मध्ये विकली, सरकारचा कर भरला आणि उरलेल्यातून तुमच्या देशात, पोर्तो शहरात, जुन्या इमारतीतला एक फ्लॅट घेतला. किंमत साडेतीन लाख युरो. तेव्हाच्या भावाने तीन कोटी रुपये. हा आकडा मी ठरवलेला नव्हता, तुमच्या 'गोल्डन व्हिसा' योजनेच्या, म्हणजे पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देणाऱ्या योजनेच्या, कायद्याने ठरवला होता. तीस वर्षांपेक्षा जुनी इमारत दुरुस्त करून घेतली तर साडेतीन लाख, एरवी पाच लाख. मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात एजंटने पडद्यावर दाखवलं होतं : घर घ्या, वर्षाला सरासरी सात दिवस राहा, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करा. ३१ डिसेंबरच्या आत उरका, कारण १ जानेवारी २०२२ पासून लिस्बन, पोर्तो आणि किनाऱ्यावरची राहती घरं या योजनेतून वगळणार. आम्ही उरकलं. त्या गल्लीतल्या तसल्याच फ्लॅटचा खरा भाव किती होता हे नंतर कळलं. जेवढी व्हिसाची अट, तेवढीच घराची किंमत, असा तिथला बाजार होता. तो कोणी वाढवला, हे मला विचारू नका.

पैसे पाठवणं म्हणजेही लग्नघर होतं. आमच्या रिझर्व्ह बँकेचा नियम माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणून बायकोच्या नावाने वेगळे, माझ्या नावाने वेगळे. वर आमच्या सरकारने माणशी सात लाखांपुढच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच कापून घेतला. चौदा-पंधरा लाख रुपये असे नुसते अडकून पडले, रिटर्न भरल्यावर सुटले. (हल्ली हाच दर वीस टक्के आहे. आमच्या मंत्र्यांना वेगळं पत्र लिहायचं आहे, तो राग इथे काढत नाही.)

तुमचे पैसे मात्र एका दिवसात पोचले. मग आमची वाट पाहण्याची पाळी आली.

पोर्टल बंद. पोर्टल सुरू, पण लॉगिन होत नाही. लॉगिन झालं तर बोटांचे ठसे द्यायला तारीख नाही. पोलीस क्लिअरन्स काढायचा, अपोस्टील करायचा (परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यायचा), पोर्तुगीजमध्ये भाषांतर करायचं आणि त्याची तीन महिन्यांची मुदत तुमच्या रांगेत उभं राहून संपवायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्या पोलीस ठाण्यातला हवालदार एकदा म्हणाला, "साहेब, नक्की काय केलंयत तुम्ही? एवढे दाखले तर तडीपाराकडेही मागत नाहीत." मध्येच ऑक्टोबर २०२३ मध्ये तुम्ही जुनं खातंच मोडीत काढलं आणि नवं उभं केलं. नव्या पाटीखाली जुनी सुमारे चार लाख प्रकरणं तुंबलेली. त्या ढिगात कुठेतरी आम्ही तिघं : मी, बायको आणि मुलगी. ठसे घेतले २०२४ मध्ये, कार्ड आलं २०२५ मध्ये, आणि कार्डाआधी माणशी सहा हजार युरोंच्या आसपास फी. तिघांचे मिळून अठरा लाख रुपये! दोन वर्षं चालणाऱ्या प्लास्टिकच्या तीन कार्डांचे!

आता हिशेब मांडा. अर्ज डिसेंबर २०२१ चा. तुमच्याच संसदेने २०२४ मध्ये कायदा केला होता की वास्तव्याचा काळ अर्जापासून धरायचा, म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये आमची पाच वर्षं पुरी होत होती. नव्या कायद्याने सुरुवात २०२५ पासून आणि वर्षं दहा. म्हणजे २०३५. विलंब तुमच्या खात्याचा, आणि त्याची शिक्षा अर्जदाराला. आमच्या तहसील कचेरीतसुद्धा असं कोणी सुचवलेलं नाही, आणि तिथे बरीच कल्पक माणसं बसतात.

माझ्या मुलीबद्दल दोन शब्द. अर्ज केला तेव्हा ती दहावीत होती, आज इंजिनिअरिंगला आहे. तुमच्या नियमाप्रमाणे सज्ञान मुलाला आईवडिलांच्या परवान्यावर राहायचं तर त्याने अविवाहित असावं, आमच्यावर अवलंबून असावं आणि शिकत असावं. ठीक आहे. पाच वर्षांचा मामला होता तोवर यात काही अडचण नव्हती, पदवी आणि नागरिकत्व बरोबरच हातात आलं असतं. आता २०३५ साली ती तिशीत असेल. तोपर्यंत तिने लग्न करू नये, पगार घेऊ नये आणि परीक्षा देत राहाव्या अशी पोर्तुगाल सरकारची इच्छा दिसते. आमच्याकडच्या आत्या-मावश्यांना हे समजावून सांगायला तुमच्या वकिलातीतलं कोणीतरी पाठवा. आणि तिने नोकरी धरली, तर ज्या मुलीसाठी वाडी विकली तीच परवान्याबाहेर आणि आम्ही म्हातारा-म्हातारी आत! बायको गोव्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन पोर्तुगीज शिकते आहे, तुमच्या ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीच्या भाषापरीक्षेसाठी. क्रियापदं पाठ करताना परवा तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "दहा वर्षांत विसरायला वेळ मिळेल, आत्ता कशाला?"

तुमच्या नव्या कायद्यात पोर्तुगालचा इतिहास आणि संस्कृती येते का, याचीही परीक्षा आहे म्हणे. जरूर घ्या. वसईकराची खुशाल घ्या.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून तुम्ही वसई घेतलीत. पाच वर्षांनी अर्ज, दहा वर्षांनी अर्ज, असलं काही कोणी तुम्हाला सांगितलं नाही. किल्ला बांधलात, चर्चं बांधलीत, दोनशे वर्षं राहिलात. अरबी समुद्रात आमच्या गलबतांना तुमचा कार्ताझ विकत घ्यावा लागे. तो नसेल तर जहाज जप्त. आमच्याच समुद्रात फिरायचा परवाना आम्हालाच विकायचा, हा धंदा तुम्ही सोळाव्या शतकात केलात, तेव्हा एकविसाव्यात तुम्ही काही नवं केलंत असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की कार्ताझ घेतला तर जहाज बहुधा सुटायचं.

पुढे १७३९ चा मे महिना. चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंची हजारो माणसं मेली होती, राग काय कमी असेल? तरीही तहात कबूल केलं होतं की किल्ल्यातल्या पोर्तुगिजांनी बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने बाहेर पडावं, आणि तसं जाऊ दिलं. कोणी म्हणालं नाही की मुदत आता आम्ही नव्याने मोजतो. शत्रूशी केलेला शब्द मराठ्यांनी पाळला. मी तर तुमचा गिऱ्हाईक होतो.

तुमचे अधिकारी म्हणतील, योजनेच्या कागदावर फक्त राहण्याचा परवाना होता, नागरिकत्वाचं वचन नव्हतं. कागद मी वाचला आहे. पण हा माल खपला कशावर? सात दिवस सुट्टीला यायच्या सवलतीसाठी तीन कोटी कोण देतं? तेवढ्यासाठी शेंगेनचा पर्यटक व्हिसा आहे. २०१२ पासून तुमची योजना जगभर विकली गेली ती पाच वर्षांच्या बोलीवर, आणि ती बोली ऐकून तुमच्या सरकारने कधी कानावर हात ठेवले नाहीत. २०२३ पर्यंत बारा हजारांच्या आसपास गुंतवणूकदार आणि सुमारे सातशे कोटी युरो. नोकऱ्या निर्माण करण्याची अटही त्याच योजनेत होती. त्या वाटेने आलेले किती? पंचवीसच्या आतबाहेर. तुम्हाला कारखाने नकोच होते, पडक्या इमारतींना गिऱ्हाईक हवं होतं. २०१४ मध्ये याच योजनेतल्या लाचखोरीच्या चौकशीपायी तुमच्या गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, ते असो, पण योजना तेव्हाही थांबली नाही. पैसा येत होता.

मग घरांची भाडी पेटली, लोक रस्त्यावर आले. त्यांचा राग मला कळतो, मी लिस्बनमध्ये फिरलो आहे. महिन्याला ८७० युरो हे २०२५ चं किमान वेतन आणि एका बेडरूमचं भाडं त्याच्या वर, कसा जगेल माणूस? पण दोष कोणाचा म्हणून ठरला? आमचा. अकरा वर्षांत आम्ही सगळ्या देशांच्या लोकांनी मिळून घेतलेली घरं अकरा-बारा हजारांच्या पलीकडे नाहीत. एकट्या २०२२ मध्ये तुमच्या देशात घरांचे १ लाख ६७ हजारांवर व्यवहार झाले. पर्यटकांना रोजाने दिलेली घरं, रिकामी पडलेली घरं, न बांधलेली सरकारी घरं, पण यांच्यामागच्या लोकांना मत असतं. मत आम्हाला नाही, म्हणून आम्ही सोयीचे. २०२३ मध्ये घराचा रस्ता बंद केलात, आणि गंमत अशी की पाच लाख युरो गुंतवणूक फंडात टाकणाऱ्याला आजही परवाना मिळतो. म्हणजे आक्षेप परक्या माणसाला नव्हता, परक्या पैशाला तर नव्हताच.

हे सगळं मला ओळखीचं वाटतं, मंत्रिमहोदय. वसईत काय वेगळं झालं? हिरव्या वाड्या गेल्या, टॉवर आले, पाण्याला टँकर. बाहेरचे आले म्हणून स्टेजवर गळा काढणारे पुढारी आणि त्यांच्याच मेव्हण्याच्या नावावर बांधकामाचा ठेका. जमीन विकताना बाहेरचा माणूस देव, विकून झाल्यावर तोच उपरा. मला वाटलं होतं युरोपात निदान एवढं तरी लेखी असेल.

आणि एकटे तुम्हीच आहात असंही नाही. ब्रिटनने आपला गुंतवणूकदार व्हिसा २०२२ मध्ये एका दिवसात बंद केला, आयर्लंडने २०२३ मध्ये. तुमच्या शेजारच्या स्पेनने या एप्रिलमध्ये. ग्रीसने अडीच लाख युरोंची घरं अथेन्समध्ये आठ लाखांवर नेली. तिकडे अमेरिका दहा लाख डॉलरचं गोल्ड कार्ड काढते आहे. देश म्हणजे आता एकेक दुकान झालं आहे, आणि आमच्यासारख्यांनी दुकानदाराच्या लहरीवर मुलांचं आयुष्य बेतायचं. "मग जाताच कशाला?" असं इथले लोक विचारतात. आमच्या परराष्ट्र खात्यानेच संसदेत सांगितलं आहे, २०२२ मध्ये सव्वादोन लाख भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, त्यानंतरही दरवर्षी दोन लाखांवर. यातले बहुतेक जण काही माझ्यासारखी वाडी विकून गेलेले नाहीत, पण कशाला गेले हे त्यांना एकदा तरी कोणी विचारावं. विचारत नाहीत. इथे जाणारा गद्दार, तिथे येणारा घुसखोर, आणि मधल्या विमानतळावर दोन्ही सरकारं फी घेतात.

असो. मुद्द्याचं सांगतो, सही होण्याआधी एवढं करा. कायदा मंजूर होण्यापूर्वी ज्यांनी परवान्याचा अर्ज केला त्यांना जुनीच पाच वर्षं लावा. वर्षं अर्ज केल्या तारखेपासून मोजा. खात्याच्या विलंबाला कोणी तरी जबाबदार असेल तर ते अर्जदार सोडून दुसरं कोणीही असू द्या. आणि अर्जाच्या दिवशी जे मूल अज्ञान होतं, त्याचा हक्क त्याने लग्न केलं किंवा नोकरी धरली म्हणून जाऊ देऊ नका. यातलं काहीच जमणार नसेल तर फ्लॅट परत घ्या, पैसे परत करा. फी ठेवून घ्या.

नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ. लिस्बनच्या प्रशासकीय न्यायालयात तुमच्या खात्याविरुद्धच्या खटल्यांचा डोंगर आहे असं वकील सांगतो. तिथेही रांग आहे म्हणे, पण रांगेची आता आम्हाला सवय आहे.

आपला,
पोर्तोचा एक घरमालक आणि वसईचा रहिवासी

ता. क. : फ्लॅटच्या घरपट्टीचा नोव्हेंबरचा हप्ता भरायची नोटीस मिळाली. ती अगदी वेळेवर आली, लॉगिनही पहिल्या फटक्यात झालं. ती यंत्रणा ज्यांनी उभारली त्यांची बदली कृपया परवान्यांच्या खात्यात करावी.