बंदी फाट्यावर, माणसं घळीत

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

साहेब, मी सह्याद्रीतल्या एका गडाच्या पायथ्याला राहणारा वाटाड्या. शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर आदेश आला: कलम 163 खाली मनाई, उद्यापासून गड बंद. घरात गडावर येणाऱ्या पन्नास ट्रेकरांच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलेलं. भातलावणीसाठी केलेली उसनवारी आम्ही याच दोन महिन्यांत फेडतो. बंदीही नेमकी दोन महिन्यांचीच.

माझा बंदीला विरोध नाही, हे नीट वाचा. कातळातल्या पायऱ्यांवरून पाणी धावायला लागलं की मी स्वतः लोकांना खाली थांबवतो. पण रविवारी काय झालं? पोलीस उभे राहिले फाट्यावर आणि पोरं चढली मागच्या घळीतून. तिथे ना दोर, ना माणूस. एक जण घसरला, पाय मोडला. 'गडावर दिसलास तर गुन्हा दाखल करू' असं ज्या कार्यालयानं मला बजावलं, तिथूनच दुपारी फोन आला, "चार माणसं घेऊन वर जा." गेलो. सहा तास भर पावसात स्ट्रेचर खांद्यावर. आज माझा उजवा हात वर होत नाही. डॉक्टरचा खर्च माझाच.

गेल्या वर्षीच्या बैठकीत काय ठरलं होतं? पावसाआधी वाटेची पाहणी, येणाऱ्यांची नोंद, दिवसाला ठरावीक माणसं, वाटाड्यांना प्रशिक्षण आणि विमा. यातलं काहीही झालं नाही. कागद तोच आला, फक्त तारीख नवी.

30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, लगेच पुणे जिल्ह्यात बंदीचे आदेश निघाले. माणसं गेल्यावरच सरकारला डोंगर दिसतो का? साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, आमच्या वाटेवर त्यातला एक दोरही पोहोचला नाही. 2025 मध्ये शिवरायांचे 12 किल्ले जागतिक वारसा ठरले, सगळ्यांनी भाषणं केली. त्या किल्ल्यांखालची माणसं कुणाच्या भाषणात होती? आमच्या वाडीला रस्ता नाही. बाळंतपणाला बाईला झोळीत घालून न्यावं लागतं, त्याच खांद्यांवर तुमचे जखमी ट्रेकरही उतरतात.

येत्या रविवारी पोरं पुन्हा घळीतून चढतील आणि फोन मलाच येईल. माझा खांदा अजून बरा नाही. वर कोण जाणार, तेवढं त्याआधी कळवा.

आपला,
पायथ्याचा एक वाटाड्या