चार्टमध्ये नुसतं 'पांढरा डाग' लिहू नका
मंडळी, एक आठवण, दातांच्या तपासणीत पेशंटच्या तोंडात किंवा ओठावर-चेहऱ्यावर काही वेगळं दिसलं तर 'जिभेवर फोड' एवढंच लिहून सोडू नका प्लीज, नेमकी जागा लिहा (जिभेची डावी कड, मागचा भाग असं), आणि साइझ अंदाजाने नाही तर प्रोबने (मापाच्या खुणा असलेली दात तपासायची बारीक सळई) मोजून मिलिमीटरमध्ये, लांबी आणि रुंदी दोन्ही. रंग, कडा, सपाट की उंच, हाताला कडक लागतं का, किती दिवसांपासून आहे, हे पण हवंच. पांढरा थर असेल तर गॉजने पुसून बघा, निघाला की नाही ते लिहा, याने खूप फरक पडतो. निदान मात्र आपण लिहायचं नाही. 2 आठवड्यांत बरं झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायचंच, दुखत नसलं तरी. फोटो काढताना पेशंटची परवानगी घ्या आणि शेजारी प्रोब धरा.