सराउंड लेफ्ट बंद, तक्रार मात्र ‘क्लोज्ड’ : ५.२ चॅनल एव्ही रिसीव्हरबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या ग्राहक सेवेतल्या वरिष्ठ प्रतिनिधींशी आत्ताच बोलणं झालं, म्हणून हे लेखी देतो आहे. फोनवर सांगितलेलं तुमच्या संगणकात भलतंच होऊन उतरतं.

सेट आपला सगळ्यात कमी किमतीचा ५.२ चॅनल रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज पाच स्पीकर आणि दोन सबवूफरना (खोल बासचे स्पीकर) वाटून देणारा ॲम्प्लिफायर. वॉरंटी चालू आहे. बिघाड एकच : सराउंड लेफ्टला, म्हणजे मागच्या डाव्या चॅनलला, स्पीकर जोडून आवाज उणे ३० डेसिबलच्या वर नेला (सेटवर आवाज उणे आकड्यांत दिसतो, शून्याकडे जाईल तसा मोठा) की आतला रिले, म्हणजे स्पीकर तोडणारा स्विच, खट्‌कन पडतो, डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ (बिघाड ओळखून स्वतःला वाचवण्याचा इशारा) येतं आणि सेट बंद होतो. बाकीचे चार चॅनल याहून मोठ्या आवाजाला अख्खा सिनेमा संपेपर्यंत चालतात.

आता तुमच्या माणसांनी करायला हवी होती ती तपासणी. प्लग काढून सगळ्या स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि सेट रिकामाच चालू करून व्हॉल्यूम वर नेला. प्रोटेक्ट आलं नाही. मग दर वेळी प्लग काढून एकेक स्पीकर जोडला. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट, सेंटर, सराउंड राइट, सगळं ठीक. सराउंड लेफ्ट जोडला आणि सेट बंद. त्यानंतर मागच्या दोन्ही स्पीकरांची त्यांच्या तारांसकट अदलाबदल केली. दोष स्पीकरमध्ये किंवा तारेत असता तर तो त्यांच्यासोबत उजवीकडे गेला असता. तो डावीकडच्या टर्मिनलवरच राहिला. म्हणजे बिघाड त्या चॅनलच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे. आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी असेल किंवा तिथलं सुटलेलं सोल्डर असेल. नेमकं काय ते बोर्ड उघडल्यावर कळेल, आणि बोर्ड उघडणं हे तुमचं काम.

नेहमीची उत्तरं येतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. स्पीकर ८ ओहमचे आहेत. मल्टिमीटर ६.३ ओहम दाखवतो आणि ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स (मीटरवर मोजला जाणारा विद्युतरोध) साधारण तेवढाच असतो. ‘सर, तुमचे स्पीकर सहा ओहमचे आहेत’ असं पुन्हा कुणी म्हणू नये. शिवाय तुमच्याच मॅन्युअलमध्ये कमीत कमी ६ ओहमपर्यंतचे स्पीकर चालतात असं छापलं आहे. तार १.५ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, १० मीटर लांब. जाणारी-येणारी मिळून तिचा रेझिस्टन्स जवळपास ०.२७ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या साडेतीन टक्क्यांच्या आत. फ्रंट सोडून बाकी चॅनलना तुम्ही स्प्रिंगच्या क्लिपा दिल्या आहेत, त्यांत बनाना प्लग (स्पीकरच्या तारेचा जाड प्लग) जात नाही, म्हणून तारेच्या टोकांना पिन दाबून बसवली आहे. तारेचा एकही बारीक तंतू बाहेर आलेला नाही. घरचा व्होल्टेज २२८ ते २३४. सेट उघड्या रॅकवर आहे, वर वीतभर मोकळी जागा आहे. आणि तो थंड असताना, चालू केल्याच्या पहिल्याच मिनिटातही बंद पडतो, तेव्हा ‘गरम होतोय’ हेही बाद.

तरीही फोनवरचा पहिला इलाज दर वेळी फॅक्टरी रीसेट. रीसेटने जळलेला ट्रान्झिस्टर जिवंत होत नाही. पुसली जाते ती सगळी मांडणी : स्पीकरांची अंतरं, लेव्हल, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे वळतो ती सीमा). मग पंखा आणि एसी बंद करून, मायक्रोफोन कानाच्या उंचीला ट्रायपॉडवर बसवून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुमची ऑटो-सेटिंग चार इंची बुकशेल्फ स्पीकरांना दर वेळी ‘लार्ज’, म्हणजे खोल बासही पेलणारे, ठरवते. ते हाताने ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झवर कापावं लागतं, नाहीतर खोल बास सबवूफरकडे न जाता त्या चार इंचांवर पडतो. पण हे माहीत असलेल्या माणसाला निस्तरता येतं. मेलेला चॅनल निस्तरता येत नाही.

अखेर तंत्रज्ञ आले. त्यांनी मोबाइल काढला, ब्लूटूथने गाणं लावलं, समोरचे दोन स्पीकर वाजले. ‘आवाज येतोय, सर. ओके आहे. ओटीपी द्या.’

स्टिरिओ गाणं स्टिरिओ मोडमध्ये लावलं की समोरचे दोन स्पीकर आणि सबवूफर एवढेच वाजतात. सराउंड लेफ्टच्या ॲम्प्लिफायरकडे तेव्हा सिग्नलच जात नाही. जो चॅनल बिघडला आहे त्याला हातही न लावता सेट पास. त्यांना रिमोट दिला आणि मॅन्युअल सेटअपमधला टेस्ट टोन लावायला सांगितलं. तो खरखराट एकेका स्पीकरमधून फिरतो, त्यामुळे कोणता चॅनल मेला आहे ते मिनिटभरात कळतं. त्यावरचं उत्तर शब्दशः असं : ‘सर, नॉर्मल माणूस टेस्ट टोन कशाला ऐकेल?’ टोन शेवटी लावला. सराउंड लेफ्टला पोहोचला, रिले पडला, सेट बंद. त्यांनी बंद पडलेल्या डिस्प्लेचा फोटो काढला आणि पुन्हा ओटीपी मागितला. दिला नाही. त्याच संध्याकाळी संदेश आला : ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या निवारण करण्यात आली आहे.’

आणि आज वरिष्ठ. त्यांना वरची सगळी तपासणी क्रमाने सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, हे मान्य. मग विचारलं, ‘म्हणजे आवाज तर येतोय ना, सर?’ चार चॅनलमधून येतो, पाचव्यातून येत नाही, असं सांगितलं. ‘पाचवा म्हणजे मागचा ना? मागच्या स्पीकरमधून तसंही फारसं काही येत नसतं, सर.’ पुढे, स्पीकर कोणत्या कंपनीचे? आमचे नाहीत? मग वॉरंटीत कसं बसणार? रिसीव्हर हा मुळात कोणत्याही कंपनीचे स्पीकर जोडण्यासाठीच विकतात. तुमची कंपनी तर या सेटसोबत सुटे स्पीकर विकतच नाही, मग ‘आमचे’ आणायचे कुठून? आणि शेवटी, ‘सर, एक्सचेंज ऑफरमध्ये आमचा साउंडबार बघा ना. वायरिंगची कटकटच नाही.’ सराउंडसाठी रिसीव्हर घेणाऱ्याला त्यातला सराउंड सोडून द्यायचा सल्ला खुद्द कंपनीकडून मिळतो, वर सवलतीची ऑफरही. खोलीत मागून काहीच ऐकायचं नसतं तर पाच चॅनल घेतलेच कशाला असते? तुमच्या वरिष्ठांनी एकदा आपल्याच वेबसाइटवरचा ‘चहूबाजूंनी घेरणारा आवाज’ हा मथळा वाचावा.

मथळ्याचा विषय निघालाच आहे, तर खोक्यावरचं ‘प्रति चॅनल १४० वॅट’ही पाहू. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत त्याची अट आहे : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती). दहा टक्क्यांना सिग्नलची शिखरं सपाट झालेली असतात. ते ऐकणं दूर, त्याने ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा भाग) जळू शकतो. त्याच पानावर खरा आकडा आहे : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्का, ७० वॅट. मागच्या पाटीवर वीजवापर २५० वॅट. तो कमाल आकडा नव्हे, हे ठाऊक आहे. पण पाच गुणिले १४० म्हणजे ७०० वॅट या ट्रान्सफॉर्मरमधून निघणार नाहीत, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल. अमेरिकेत असल्या फुगवलेल्या आकड्यांना लगाम घालायला १९७४ साली नियम करावा लागला होता. इथे तोच आकडा अजून खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत.

हा आकडा पाहून सेट घेतलेला नाही. घेताना पाहिलं ते हे : चार एचडीएमआय इनपुट, सेकंदाला १८ गिगाबिटचे, टीव्हीवरच्या ॲपचा आवाज त्याच तारेतून उलटा रिसीव्हरकडे आणायला ईआर्क, क्रॉसओव्हर हाताने बदलता येतो, आणि प्रामाणिक ७० वॅट. बारा बाय चौदाच्या खोलीला ते भरपूर होतात, कारण ७० आणि १४० यांच्यात फरक फक्त ३ डेसिबलचा. तेवढा फरक ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला जास्त मोठा आवाज देणारे) स्पीकर घेऊनही पडतो. ‘.२’ म्हणजे दोन वेगळे सबवूफर चॅनल नसून एकच सिग्नल दोन सॉकेटांवर दिला आहे, हेही कळून घेतलं होतं. स्वस्त सेटमध्ये प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी सॉकेटं) नसतात, तेही माहीत होतं, पण आता तेच आड येतंय : प्री-आउट असते तर मेलेल्या चॅनलला बाहेरून वेगळा ॲम्प्लिफायर लावून काम भागलं असतं. खरे ७० वॅट सांगूनही हा सेट विकला गेला असता. तुम्ही खोटे १४० छापलेत आणि पाचव्या चॅनलला ७० सोडा, सातही देत नाही.

मागणी साधी आहे. सेट बदलून द्या, किंवा ॲम्प्लिफायरचा बोर्ड बदला आणि कोणते भाग बदलले ते जॉबशीटवर लिहून द्या. ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असं लिहिलेली जॉबशीट घेतली जाणार नाही. ‘निवारण’ झालेली तक्रार पुन्हा उघडून तिचा क्रमांक लेखी कळवा.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. प्रयोगशाळेत टेस्ट टोन ऐकणारी नॉर्मल माणसं असतात. खोक्यावरच्या १४० वॅटची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी जाईल; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

या किमतीत इतका नीट विचार केलेला सेट तुम्ही बनवता, याचंच जास्त वाईट वाटतं. बनवणाऱ्यांना काम येतं. विकल्यानंतर फोन उचलणाऱ्यांना ते काय उचलतायत हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पुढच्या वेळी येणाऱ्या तंत्रज्ञांकडे मल्टिमीटर असावा. ओटीपी सराउंड लेफ्टमधून टेस्ट टोन ऐकू आल्यावर मिळेल.

आपला, अजून तरी, ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, टेस्ट टोनला सेट बंद पडतानाचा व्हिडिओ