‘मिस्ट्री स्पॉट’ गाळायचा भाग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेवर लेख आला आहे. २००५ ते २०२० या काळातले ३२७ भाग नव्या प्रेक्षकाने कसे संपवायचे, हा त्याचा विषय. डीन आणि सॅम विंचेस्टर या भुतं मारत हिंडणाऱ्या भावांची मुख्य कथा तेवढी पाहा, विनोदी भाग भरतीचे आहेत, ते खुशाल गाळा, असा सल्ला त्यात आहे. गाळायच्या यादीत तिसऱ्या सीझनचा अकरावा भाग ‘मिस्ट्री स्पॉट’ सुद्धा दिसला आणि राहवलं नाही.

आधी हा भाग कुठे बसतो ते पाहू. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सॅमला परत जिवंत करण्यासाठी डीन स्वतःच्या आत्म्याचा सौदा करतो. मुदत एक वर्षाची. तिसरा सीझन म्हणजे ही मुदत सरत जाणं. त्यात हॉलिवूडच्या पटकथालेखकांचा संप आला आणि बावीसऐवजी सोळाच भाग झाले. १४ फेब्रुवारी २००८ ला दाखवलेल्या ‘मिस्ट्री स्पॉट’मध्ये डीन एकाच मंगळवारी पुन्हा पुन्हा मरतो. कधी गोळी लागून, कधी गाडीखाली, कधी घास अडकून, तर कधी न्हाणीघरात पाय घसरून. तो मेला की रेडिओवर ‘हीट ऑफ द मोमेंट’ लागतं आणि सॅम पुन्हा त्याच मंगळवारी सकाळी जागा होतो. ज्या भावाचं मरण ठरलेलं आहे, त्याच्याच मरणावर शंभराहून जास्त मंगळवार विनोद चालतो. याला भरती म्हणायचं?

हसू कसं येतं तेही बघण्यासारखं आहे. पहिला मंगळवार सावकाश, सगळा दाखवला आहे: हॉटेलात वेट्रेसच्या हातून हॉट सॉसची बाटली पडते, रस्त्यात हमाल टेबल दारातून आत घालायला धडपडत असतात, रात्री डीनला गोळी लागते. हे मरण पूर्ण गांभीर्याने घेतलं आहे. दुसऱ्या फेरीपासून कात्री चालू होते. बाटली सॅम वरच्या वर झेलतो. पुढे तर मरण्याची तयारी दाखवतच नाहीत. टॅको जरा वेगळा लागतोय, एवढं डीन म्हणतो की पुढच्या क्षणाला रेडिओ. पहिली फेरी कापून आखूड केली असती, तर नंतरच्या एकाही कटवर हशा आला नसता. दिग्दर्शक किम मॅनर्स यांनी १९९५ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ या गूढ मालिकेचा ‘हंबग’ हा विनोदी भाग केला होता. हात बसलेला होता.

या धिंगाण्यात नियम मात्र कुठेही मोडत नाही. चक्रात सगळं रोज तसंच घडतं. ज्याला मागचं आठवतं तो सॅम आणि ज्याने हे चक्र रचलं तो, असे दोघेच वेगळं वागू शकतात. हॉटेलातला एक गिऱ्हाईक रोज पॅनकेकवर मेपल सिरप घेत असतो. एका मंगळवारी त्याच्या ताटात स्ट्रॉबेरी सिरप दिसतं आणि सॅमला गुन्हेगार सापडतो: ट्रिकस्टर, म्हणजे माणसांवर जीवघेण्या खोड्या करणारा मायावी. पुरावा प्रेक्षकासमोर उघडा ठेवलेला असतो. मोबाइल चाळत भाग पाहणाऱ्याला तो दिसत नाही, मग ‘उकल ओढूनताणून आणली’ अशी तक्रार होते.

चाहत्यांची प्रतिक्रिया नुसती ‘धमाल’ असती, तर तुमच्या लेखातलं म्हणणं एक वेळ मान्य करता आलं असतं. पण या भागावरचं बोलणं नेहमी बुधवारपाशी येऊन थांबतं. बुधवार उजाडतो, डीनला पुन्हा गोळी लागते, सॅम रेडिओची वाट पाहतो आणि रेडिओ वाजत नाही. पुढचे सहा महिने तो एकटा, यंत्रासारखा शिकार करत राहतो, बॉबी या वडीलधाऱ्या शिकारी मित्राच्या फोनला उत्तर देत नाही. तुम्हाला हसायची सवय लावून तीच सवय तुमच्यावर उलटवली जाते. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला ती लेखक जेरेमी कार्व्हर यांची सगळ्यात नेमकी खेळी वाटते. एक तक्रार मात्र रास्त आहे: ट्रिकस्टर काळ मागे फिरवून डीनला परत आणतो, पण त्यानंतर सॅमच्या त्या सहा महिन्यांबद्दल मालिका जवळपास गप्पच राहते. तरी सोळाव्या भागात डीन खरोखर मरतो आणि चौथ्या सीझनमध्ये सॅम कसा बदललेला दिसतो, याचं मूळ इथेच आहे. ते गाळलं, तर सॅम एकाएकी असा का वागतो हे कळत नाही.

लेखात गाळायला सांगितलेला दुसरा भाग ‘चेंजिंग चॅनल्स’, पाचव्या सीझनचा आठवा. दोघे भाऊ टीव्हीच्या कार्यक्रमांत अडकतात: रेकॉर्ड केलेल्या हशाची सिटकॉम, जपानी गेम शो, इस्पितळाची मालिका. त्या इस्पितळातला डॉक्टर सेक्सी हा तोतया आहे हे डीन ओळखतो ते पायांवरून. काउबॉय बूट हवेत तिथे टेनिस शूज. हे सगळं घडवणारा ट्रिकस्टर हा खरं तर देवदूत गॅब्रिएल आहे, हे याच भागाच्या शेवटी उघड होतं. ते न पाहता एकोणिसाव्या भागावर उडी मारली, तर गॅब्रिएलच्या मरणाचं प्रेक्षकाला काय वाटणार?

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये विसरभोळ्या पांडूला हसवायचं काम दिलं होतं, कारण रोजच्या मालिकेला विनोदासाठी अख्खा भाग मोकळा ठेवणं परवडत नाही. आठवड्याला एक भाग असला की ते जमतं. त्यामुळे दोन्हींना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

सगळे विनोदी भाग कधीही पाहिले तरी चालतात, असं मात्र नाही. ‘द फ्रेंच मिस्टेक’ (सहावा सीझन, पंधरावा भाग) मध्ये सॅम आणि डीन अशा जगात पोचतात, जिथे ते जॅरेड पॅडलेकी आणि जेन्सन ॲकल्स नावाचे नट आहेत. हा भाग सुरुवातीलाच पाहिला तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. जॅरेडची बायको म्हणून दिसणारी अभिनेत्री प्रत्यक्षातही त्याची बायको आहे आणि चौथ्या सीझनमध्ये तिनेच रुबी या सैतानी स्त्रीची भूमिका केली होती, हे ठाऊक असेल तरच तो प्रसंग रंगतो. तो गाळू नये, जागच्या जागी पाहावा.

नव्या प्रेक्षकाने ट्रिकस्टरच्या कथेसाठी हा क्रम ठेवावा: दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग ‘टॉल टेल्स’ (त्याची पहिली भेट), त्याच सीझनचे शेवटचे दोन भाग, मग ‘मिस्ट्री स्पॉट’, पुढे पाचव्या सीझनचे आठवा आणि एकोणिसावा. मधले भाग राहिले तरी चालतील, हा क्रम उलटसुलट करू नये.

आणि एखादा भाग गाळायचाच असेल, तर सातव्या सीझनचा आठवा गाळा. त्यात या भावांवरच्या कादंबऱ्यांची बेकी ही चाहती सॅमला वशीकरणाचं औषध पाजून त्याच्याशी लग्न करते आणि पुढे त्याला बांधूनही ठेवते. पुरुषाची संमती नसणं हा तिथे विनोदाचा विषय आहे आणि मालिकेवर जीव टाकणारी बाई ही खिल्लीचा. चाहते चिडले ते उगाच नव्हे.

आपला,
एक वाचक