दादरा-नगर हवेलीला आमदार कधी मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात सिल्वासाची (दादरा-नगर हवेली या केंद्रशासित भागातलं शहर) एक बातमी होती त्यात 'नायब राज्यपाल' असं छापलंय, पण तिथे नायब राज्यपाल नसतात, प्रशासक असतात. चूक छोटी आहे, पण त्या निमित्ताने लिहायला बसलो कारण माझी बहीण तिकडे दिलीये आणि आम्ही तलासरीला, म्हणजे बॉर्डर ओलांडली की तिचं घर.

२०२४ ला भाच्याने लोकसभेला पहिल्यांदा मतदान केलं, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे विधानसभेची धामधूम सुरू होती तेव्हा तो आलेला, गाड्या स्पीकर बघून म्हणाला मामा आमच्याकडे हे मतदान कधी असतं? मी म्हटलं तुमच्याकडे नसतंच रे. त्याला खरं वाटेना. ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, नगरपालिका आहे आणि एकदम वर खासदार, मधली पायरीच नाही. आपल्याकडे शाळा, दवाखाना, जमीन, पोलीस याबद्दल आमदार विधानसभेत प्रश्न विचारतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तिकडे प्रशासक राष्ट्रपतींच्या वतीने कारभार बघतो, प्रत्यक्षात सगळं केंद्रीय गृह मंत्रालयाकडून चालतं, बजेटसुद्धा त्याच मंत्रालयाच्या मागण्यांमधून संसदेत पास होतं. कलम २४० खाली राष्ट्रपती तिथल्यासाठी रेग्युलेशन काढू शकतात आणि त्याला संसदेच्या कायद्याइतकीच ताकद असते. राज्यसभेत त्यांचा माणूस नाही, आणि आमदारच नाहीत म्हटल्यावर राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांची मतंही नाहीत.

लोक म्हणतात एवढ्याशा प्रदेशाला विधानसभा कशाला, खर्च किती. मग पुदुच्चेरी बघा, क्षेत्रफळ जवळपास एकट्या दादरा-नगर हवेलीएवढंच (४९१ चौ. किमी), आणि तिथे ३० निवडून आलेले आमदार, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ सगळं आहे. तिथली लोकसंख्या जास्त आहे हे मान्य. पण सिक्कीमची २०११ ला ६.१० लाख होती, ते पूर्ण राज्य आहे, ३२ आमदार. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून त्याच जनगणनेत ५.८६ लाख. फरक २४ हजारांचा!

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते दमणचं. गोवा, दमण, दीव एकत्र केंद्रशासित होते तेव्हा १९६३ पासूनच्या ३० जणांच्या विधानसभेत दमणचा एक आणि दीवचा एक आमदार असायचा. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, चांगलंच झालं, पण त्याच दिवशी दमण-दीववाल्यांची आमदारकी गेली ती गेलीच. संविधानाच्या कलम २३९अ मध्ये, म्हणजे केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा देता येते त्या कलमात, आधी त्यांचं नाव होतं ते निघालं, आज तिथे फक्त पुदुच्चेरी उरलंय. नंतर २६ जानेवारी २०२० ला दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे दोन्ही प्रदेश एक केले, मुख्यालय दमण. आता दीव कुठे, खंभातच्या आखाताच्या पलीकडे सौराष्ट्राच्या टोकाला, आणि सिल्वासा इकडे डोंगराच्या बाजूला. इतकं विखुरलेलं असताना तर प्रत्येक भागाचा आपला माणूस एका सभागृहात बसायला हवाच ना.

सल्लागार समिती असते असं सांगतात. असते, पण सल्ला ऐकलाच पाहिजे असं कुठे आहे?

दादरा-नगर हवेलीचा भाग १९५४ ला पोर्तुगीजांकडून सुटला, २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं, त्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी आपली मराठी माणसं होती. त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ ला भारतात रीतसर सामील होईपर्यंत सात वर्षं तिथल्या लोकांनी वरिष्ठ पंचायतीच्या मार्फत स्वतःचा कारभार स्वतः चालवलाय. त्यांच्या नातवंडांना आमदार निवडता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

दरवर्षी २ ऑगस्टला आपण मुक्तिसंग्रामाचा लेख छापता, तो आवडीने वाचतो. यंदा त्याच्या शेजारी कलम २३९अ मध्ये या प्रदेशाचं नाव घालायला काय करावं लागेल यावर एखाद्या घटनेच्या जाणकाराकडून लिहून घ्या ही विनंती. तिथल्या दोन्ही खासदारांनाही विचारा, त्यांची यावर भूमिका काय. भाच्याला कात्रण पाठवायचंय.

आपला,
एक नियमित वाचक, तलासरी