ताई, ती नळी तुम्ही पुन्हा माझ्या हातात दिलीत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पीएच.डी. पूर्ण करून नोकरीच्या गावी गेलात, त्याला आता तीन आठवडे झाले. जाताना ‘पाय अल्फा झाय’ या विद्यार्थी संस्थेच्या आपल्या शाखेच्या कपाटाची किल्ली आणि हरितगृहातली नोंदवही तुम्ही माझ्याकडे सोपवलीत. काल या हंगामाच्या पॉइनसेटियाची, म्हणजे नाताळात विकल्या जाणाऱ्या लाल पानांच्या झाडांची, नोंद करण्यासाठी मी ती वही उघडली आणि मागची पाने चाळता चाळता दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरपाशी थबकले. त्या पानावर तुमच्या अक्षरात इतकेच आहे की बाक क्रमांक तीनवरच्या ३८ कुंड्या मूळकुजीमुळे टाकून द्याव्या लागल्या, आणि कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिले आहे, ‘नव्या स्वयंसेवकांना पाणी द्यायला शिकवायचे राहून गेले. चूक माझी.’ त्याखाली तुमची सही आहे.

त्या कुंड्या माझ्या हातून गेल्या होत्या. ते तुम्हालाही ठाऊक होते आणि मलाही. माझे नाव त्या पानावर कुठेही नाही. हे वाचल्यापासून मन भरून आले आहे, आणि दोन वर्षे मनात राहिलेले आभार आता लिहून काढल्याशिवाय राहवत नाही. हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आले असते. पण दापोली, राहुरी, अकोला, परभणी येथून उद्यानविद्या शिकून दरवर्षी जी मुलेमुली इथे अमेरिकेत येतात, त्यांनीही ते वाचावे असे वाटते, म्हणून चारचौघांत लिहीत आहे.

मी इथे आले ती ऑगस्टच्या मध्याला. वडिलांची रत्नागिरी जिल्ह्यात हापूसच्या कलमांची रोपवाटिका आहे, मी स्वतः दापोलीला शिकले, तेव्हा रोपांच्या बाबतीत तरी आपल्याला कोणी नवखी म्हणणार नाही अशी माझी समजूत होती. तरीही आतून मी घाबरलेली होते, आणि त्याचे कारण मी तुम्हाला कधी सांगितले नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी एका रोपवाटिकेत प्रशिक्षणासाठी होते. तिथे एका शनिवार-रविवारी माझ्याकडे सोपवलेला एक वाफा मर रोगाने, म्हणजे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात त्या रोगाने, बसला. सोमवारी सकाळी सर्वांसमोर माझ्याकडून किल्ली काढून घेण्यात आली आणि उरलेले दोन महिने मला कार्यालयात नोंदी टंकलिखित करायला बसवले. मला राग आला तो त्या शिक्षेचा नव्हे. वाफा का बसला, पाण्याचा निचरा नव्हता की बियाणे दाट पडले होते, हे त्या दोन महिन्यांत एकाही माणसाने मला सांगितले नाही, आणि मी विचारायला गेले तेव्हा ‘आता ते राहू दे’ एवढेच उत्तर मिळाले. रोपाला हात लावण्याची भीती तिथून मी इथवर बरोबर आणली होती.

इथे आल्यावरही पहिल्या महिन्यात एका विद्यार्थी मंडळाने माझ्याकडून वर्गणी घेतली, आपल्या पत्रकावर माझे छायाचित्र छापले आणि कामाला मात्र कधीच बोलावले नाही. म्हणून पाय अल्फा झायचे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले की ही गुणवंत विद्यार्थ्यांची मानाची संस्था म्हणजे बायोडेटातल्या एका ओळीपुरतीच असणार. तुमच्या शाखेच्या हरितगृहात मी आले ती केवळ वसतिगृहातल्या मैत्रिणीने ओढून नेले म्हणून. तेव्हा मी सभासदही नव्हते. तुम्ही अध्यक्ष होता, गुडघ्यावर बसून बाकाखालचे तण काढत होता, आणि मराठी कानावर पडताच मान वर करून ‘कोकणातली का गं तू?’ असे विचारलेत.

तुमच्या हाताखाली ती शाखा कशी चालायची, हे इतरांना कळावे म्हणून थोडे सांगते. वर्षाचे मोठे काम डिसेंबरमधली पॉइनसेटियाची विक्री. त्या पैशांतून शिष्यवृत्ती निघायची आणि अमेरिकन उद्यानविद्या संस्थेच्या वार्षिक परिषदेला जाणाऱ्या मुलांचे प्रवासभाडे भागायचे. पॉइनसेटियाला आपल्या शेवंतीसारखाच लांब रात्रींचा संकेत लागतो. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेंड्याकडची पाने लाल व्हायला लागतात. लोक ज्यांना पाकळ्या समजतात ती पानेच असतात, खरी फुले मधोमध पिवळी, बारीक असतात. रात्री कोणी चुकून दिवा चालू ठेवला तर रंग चढायला उशीर होतो आणि नाताळ हुकतो. त्यामुळे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत एकही दिवस सुट्टी नाही. पाळ्यांचा तक्ता तुम्ही लावायचा, आणि थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांच्या सुट्टीत, जेव्हा सगळे गाव रिकामे होते, तेव्हा त्या चारही चौकटींत तुमचेच नाव असायचे. हे तुम्ही कुणाला बोलून दाखवले नाही. तक्ता भिंतीवर होता, ज्याला वाचायचे त्याने वाचला.

आता त्या सकाळीविषयी.

ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सूर्यदर्शन नव्हते. तिसऱ्या बाकाची पाळी माझी होती. कुंडीतल्या मिश्रणाचा वरचा थर फिकट दिसला की मी पाणी द्यायचे, कारण लहानपणापासून मी तेच करत आले होते. आमच्याकडे जांभ्याची तांबडी माती, त्यात शेणखत; झारीने पाणी घातले की बघता बघता आत उतरते आणि दुपारपर्यंत पिशवी पुन्हा कोरडी होते. इथले पीट (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज कण) यांचे मिश्रण तसे नाही. ते वरून वाळते आणि आत पाणी धरून ठेवते, शिवाय ढगाळ हवेत झाड पाणी फार कमी पिते. मी पाणी देत राहिले. पाने मलूल झाली, तेव्हा तहान लागली असे समजून आणखी दिले.

तुम्ही त्या सकाळी एक कुंडी आडवी धरून तिच्या कडेवर दोनदा थाप मारलीत आणि झाड मुळांसकट बाहेर काढलेत. मुळे पांढरी हवी होती, ती तपकिरी, बुळबुळीत झाली होती. एक मूळ तुम्ही दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढलेत, तशी वरची साल मोज्यासारखी निघून तुमच्या बोटांत आली आणि खाली नुसता दोरा उरला. मला तो दोरा अजून दिसतो. मी रडू लागले नव्हते, पण हरितगृहाची किल्ली मात्र आपणहून खिशातून काढून हातात धरली होती, कारण पुढे काय होते ते मला ठाऊक होते.

तुम्ही किल्लीकडे पाहिलेही नाहीत. ‘घरी कशात लावता रोपं?’ असे विचारलेत. मी सांगितले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत, मातीचा निचरा किती, पिशवी केवढी, हेही विचारलेत, आणि म्हणालात, ‘मग तू तिथं बरोबर करत होतीस. इथं माती निराळी आहे.’ नंतर शेजारच्या बाकावरच्या दोन कुंड्या उचलून माझ्या दोन हातांवर ठेवल्यात. वरून दोन्हींचा रंग सारखा, फिकट. एक हाताला पिसासारखी हलकी, दुसरी दगडासारखी जड. ‘हलकी लागली की दे. जड आहे तोवर हात आवर.’ एवढाच तो धडा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मी पाण्यावर पुष्कळ वाचले, परंतु माझ्या तळहातांना जे समजले ते त्या दोन कुंड्यांनी समजले.

त्या संध्याकाळी वडिलांना फोनवर हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, मी पण पिशवीला पायाने ढकलूनच बघतो की.’ तेव्हा मला आठवले की ते कलमांच्या ओळींतून चालताना दर चार पावलांवर एखाद्या पिशवीला अंगठ्याने हळूच रेटतात. मी ते आयुष्यभर पाहिले होते आणि ती त्यांची चालण्याची लकब आहे असे समजत होते. माझ्या घरातली विद्या मला तुमच्यामुळे दिसली, याचेही आभार मानायचे राहून गेले होते.

पण ताई, हे पत्र मी लिहीत आहे ते त्या धड्यासाठीसुद्धा नव्हे. आपण दोघींनी मिळून त्या ३८ कुंड्या काळ्या पिशव्यांत भरल्या, बाक धुऊन काढला आणि हात धुतले. नळी गुंडाळून खिळ्यावर टांगलेली होती. मी तिच्यापासून चार हात दूर उभी होते. तुम्ही ती काढलीत, तोटीवरचा फवारा नीट घट्ट केलात आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, ‘चौथा बाक राहिलाय. तो तू कर, मी पलीकडे आहे.’ आणि तुम्ही खरोखरच पलीकडच्या दालनात निघून गेलात. दारात थांबला नाहीत, काचेतून पाहिले नाहीत. चौथ्या बाकावर तुमच्या स्वतःच्या प्रयोगाच्या कुंड्या होत्या, हे मला मागाहून कळले.

हरितगृहात काम करणारे जाणतात की खत देणे, शेंडे खुडणे ही कामे नवख्या माणसावर सोपवता येतात, पण पीक टिकते किंवा जाते ते नळी धरणाऱ्याच्या हातावर. ज्या हाताने पीक घालवले, त्याच हातात एका तासाच्या आत ती पुन्हा देण्याला काय लागते, ते मी शाखेत पदाधिकारी झाल्यावर मला थोडेफार समजू लागले आहे. त्या आठवड्यातल्या बैठकीत काही जण नाराज होते आणि ते स्वाभाविक होते. विक्रीतून येणारे पैसे कमी होणार होते. ‘तिसरा बाक कुणाकडे होता?’ असा प्रश्न आला. तुम्ही म्हणालात, ‘शाखेकडे होता,’ आणि कुंड्यांना कागद कोण गुंडाळणार या पुढच्या विषयाकडे वळलात. मी त्या बैठकीत मान खाली घालून बसले होते. आज वही वाचून कळते की तुम्ही मला वाचवण्यासाठी शब्द फिरवले नव्हते. तुम्हाला ते खरोखर तसेच वाटत होते, कारण जिथे कुणी वाचणार नव्हते तिथेही तुम्ही तेच लिहून ठेवलेत.

पुढच्या वसंतात मला सभासद करून घेण्याचा समारंभ झाला. तुम्ही नव्या सभासदांना सांगितलेत की ही संस्था १९२३ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली, आधी फुलशेती आणि शोभेच्या झाडांपुरती होती, पुढे फळे-भाज्यांसह सगळी उद्यानविद्या तिच्यात आली. मग तुम्ही कॉर्नेलच्या लिबर्टी हाइड बेली यांच्याविषयी बोललात. १९०३ मध्ये अमेरिकन उद्यानविद्या संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झालेले हे गृहस्थ मिशिगनमधल्या एका फळबागायतदाराचे चिरंजीव, असे सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. कलमवाल्याच्या मुलीला त्या खोलीत परके वाटू नये म्हणून तुम्ही एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्रातून नेमकी तीच गोष्ट उचललीत, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

आपल्याकडे कर्तबगार माणसे भरपूर भेटतात. चूक झाल्यावर शेजारी बसून ‘घरी कशात लावता?’ असे विचारणारी माणसे फार थोडी भेटतात, आणि ज्यांना ती वेळेवर भेटत नाहीत अशी कितीतरी हुशार मुले मला माहीत आहेत; त्यांतली काही आज शेती सोडून भलत्याच ठिकाणी काम करत आहेत. त्या रोपवाटिकेत माझ्याकडून किल्ली काढून घेणाऱ्या माणसांविषयी आता मनात कडवटपणा उरलेला नाही, मात्र त्यांनी केले ते चुकीचे होते हे मी स्पष्टपणे म्हणते. त्यांना वाफ्याची काळजी होती, ती असायलाच हवी. वाफा सांभाळणाऱ्या मुलीची काळजी करायला वेगळा वेळ लागला नसता.

या वर्षीच्या कुंड्या भरून झाल्या आहेत. शेंडे खुडून आठवडा झाला, बगलेतून नवे फुटवे दिसू लागले आहेत. तिसऱ्या बाकाची नळी जोडाजवळ गळत होती म्हणून परवा बदलून घेतली. जुन्या नळीचा फवारा मात्र काढून नव्या नळीला लावला, तो अजून उत्तम चालतो. वहीतले ते पान मी जसेच्या तसे ठेवले आहे. फक्त तुमच्या सहीखाली आजची तारीख घालून माझे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘पाणी मी दिले होते.’ वहीच्या नोंदी खऱ्या असाव्यात अशी तुमचीच शिस्त होती, तेव्हा तुम्ही रागावणार नाही असे धरून चालते.

उद्या सकाळी सातची पाळी माझी आहे. तब्येतीची काळजी घ्या, आणि नव्या गावी थंडी कशी आहे ते कळवा.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या बाकावरची तुमची धाकटी बहीण